मागच्या शेऱ्याचं काय झालं?

एका आंतरराष्ट्रीय अहवालाच्या तळटीपेत माझी एक चूक छापलेली आहे. माझं नाव तिथे नाही, पण चूक माझीच. तुमच्या आईला वाटतं, ही काही पाहुण्यांपुढे सांगायची गोष्ट नव्हे. मी मात्र तो अहवाल छापून, बांधून घेऊन पुस्तकांच्या कपाटात काचेमागे ठेवला आहे आणि कोणी विचारलं तर पान उघडून दाखवते. परवा फोनवर तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत, म्हणून सगळं नीट लिहून काढते. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या. पण ती चूक समजायची तर आधी बाई समजायला हव्यात.

बाई शाळा तपासत. पातूरकडच्या काळ्या मातीतल्या शेतकरी घरात जन्मल्या, शिकून शिक्षिका झाल्या आणि मग परीक्षा देऊन तपासणी अधिकारी झाल्या. आधी अकोला जिल्हा, नंतर आमचा अमरावती. त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. 'बाई निघाल्या' एवढा निरोप एका शाळेतून दुसरीत पोचला की तिसऱ्या शाळेतला फळा धुतला जाई.

अंगाने किडकिडीत, सुती पातळ, पायात पुरुषी वहाणा आणि खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत दोन वस्तू कायम असत: फिरकीचं झाकण असलेला पितळी तांब्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी नि ठेचा. ज्या शाळेची तपासणी करायची, तिथलं पाणीही प्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता. मुख्याध्यापक चहा-चिवडा मांडून वाट बघत बसत आणि बाई अंगणातल्या कडुनिंबाखाली आपला तांब्या उघडत. सेमाडोहच्या शाळेत एकदा ऐन एप्रिलात तांब्या कलंडला. दुपारी चारपर्यंत त्या तशाच कोरड्या बसल्या. तपासणी संपवून, गाव ओलांडून, रस्त्यावरच्या एका अनोळखी घरी त्यांनी पाणी मागितलं. पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, की इतकं कशाला? म्हणाल्या, "पोटात गेलेलं पानी पेनात उतरते."

आमच्या वऱ्हाडात पाण्याला पानी म्हणतात आणि बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. तुमचे बाबा पुण्याचे. लग्नानंतर पहिल्यांदा बाई त्यांच्याशी बोलल्या तेव्हा त्यांना वाटलं, या भांडताहेत. त्या फक्त नोकरीची चौकशी करत होत्या.

मुख्याध्यापक हुशार मुलांना पहिल्या बाकांवर बसवून ठेवत. बाई मागच्या दाराने शिरत. आधी पाण्याची टाकी, मग मुतारी, मग शेवटचा बाक. पुढच्या बाकांकडे बघा असं कोणी सुचवलं तर म्हणत, "निवडलेली जवारी बजारात दाखवा. मले कोठीतली पाह्यची हाये."

प्रत्येक शाळेत तेव्हा शेरेबुक नावाची एक वही असे. तपासणीला आलेला अधिकारी त्यात आपला शेरा लिहून सही करून जाई. बाकीच्यांचे शेरे 'शाळेचे काम समाधानकारक आहे' या एका वाक्यात संपत. बाईंचे शेरे लोक नकलून ठेवत. एका ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, 'मुख्याध्यापकांस सर्व नियम पाठ आहेत. एकाही मुलाचे नाव पाठ नाही.' दुसऱ्या एका शाळेत, 'टाकीत पाणी आहे. पहिलीच्या मुलांचा हात तोटीपर्यंत पोचत नाही. खाली दगड ठेवावा.' दगड ठेवावा, एवढंच. टाकी बांधायला नवा प्रस्ताव पाठवा वगैरे काही नाही.

पण शेरा लिहिण्यापेक्षा त्या वाचायच्या जास्त. खुर्चीत टेकल्याबरोबर पहिला प्रश्न ठरलेला: "मागच्या शेऱ्याचं काय झालं?" आणि मग मान वर करून, चष्म्यावरून बघत त्या उत्तराची वाट पाहत. भल्याभल्यांना त्या वाट पाहण्याचा घाम फुटे.

मला तो घाम नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी फुटला. मी वकिलाची मुलगी, इंग्रजी माध्यमातून शिकलेली, अमरावतीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. बाई येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. धडा बर्फाळ प्रदेशातला होता. एका मुलीने विचारलं, "मॅडम, बर्फ पडताना आवाज येतो का?" मी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो सरबताच्या गाडीवर. मी म्हटलं, नंतर सांगते. त्या दिवशीचा माझ्यावरचा शेरा मला अजून पाठ आहे: 'शिकवणे उत्तम. प्रश्न विचारणाऱ्या मुलीस "नंतर" म्हणाल्या. नंतर म्हणजे कधी, ते लिहावे.'

पुढच्या वर्षी बाई आल्या आणि त्यांनी तोच शेरा काढला. मी सांगितलं, की ती मुलगी शाळा सोडून अकोल्याला गेली. बाई म्हणाल्या, "अकोल्याले पोस्ट नाही काय?" मी त्या मुलीला कार्ड लिहिलं, की मला माहीत नाही. लाज वाटत होती. बाईंनी कार्ड टाकण्याआधी वाचलं आणि परत देताना म्हणाल्या, "माहीत नाही हे उत्तर हाये. नंतर हे उत्तर नाही." तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बर्फ पडताना मी पहाटे उठून खिडकी उघडून उभी राहिले होते आणि तुमची आई मला थंडी बाधेल म्हणून रागावली होती. मी ऐकत होते. आवाज येत नाही. तसं एक कार्ड त्या जुन्या पत्त्यावर टाकलंही. पोचलं की नाही, माहीत नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या अमरावतीतच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. लग्न केलं नव्हतं, टीव्ही घेतला नव्हता. रोज दुपारी चारला आमच्याकडे चहाला येत. मला 'वकिलाची लेक' म्हणत, आजोबांना 'जावईबापू'. चहा बशीत ओतून पीत आणि माझ्या स्वयंपाकघराची तपासणी करत.

एकदा त्या मेळघाटातल्या ओळखीच्या शाळांना भेटून आल्या आणि आल्या आल्या मला म्हणाल्या, "मले सांग, या इंटरनेटचा मालक कोन हाये?" तिकडच्या शाळांना मुलांची हजेरी इंटरनेटवर भरायला सांगितलं होतं आणि तिकडे नेटवर्क नव्हतं. मी माझ्या परीने समजावलं, की याचा एक मालक नाही. सरकारं आहेत, कंपन्या आहेत, तंत्रज्ञ आहेत, वापरणारे आहेत. हे सगळे दरवर्षी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय मंचावर जमतात आणि हे जाळं कसं चालावं यावर बोलतात.

"ठराव करते?"

"चर्चा करतात."

"अन् मागच्या वर्षीच्या चर्चेचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी शोधलं. भाषणं सापडली, फोटो सापडले. काय झालं ते सापडलं नाही.

त्या मंचाची एक चांगली सोय होती. ज्यांना परदेशी जाता येत नाही, त्यांनी आपापल्या गावी एकत्र बसून पडद्यावरून सभेत भाग घ्यायचा आणि प्रश्न लिहून पाठवायचे. अशा जागेला ते दूरस्थ केंद्र म्हणत. एका शिक्षक-संघटनेने मेळघाटातल्या धारणीत असं केंद्र चालवायचं ठरवलं. इंग्रजी जाणणारी म्हणून मला प्रमुख केलं. मंचाकडून मला एक प्रमाणपत्र आणि एक कापडी पिशवी आली. प्रमाणपत्राला मी चौकट करून घेतली.

सभेच्या दिवशी जीपने, एसटीने आसपासच्या गावांतून शिक्षक जमले. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. बाईही आल्या, मागच्या रांगेत बसल्या. ज्यांच्यापर्यंत जाळं पोचत नाही त्यांचं काय, असा त्या सत्राचा विषयच होता. मी विचारलं, कोणाला प्रश्न पाठवायचा आहे का? बराच वेळ कोणी हात वर केला नाही. मग कासदेकर मॅडम उठल्या. एका आदिवासी पाड्याजवळच्या आश्रमशाळेत त्या शिकवत. घरी कोरकू बोलणाऱ्या, चारचौघांत बोलायची सवय नसलेल्या. त्या बोलल्या ते मी शब्द न् शब्द माझ्या वहीत लिहून घेतलं, तारीख घातली, खाली नाव घातलं. ती माझी कायमची सवय.

त्या म्हणाल्या होत्या, "पोरांची हजेरी फोनवर भरा म्हनते. नेटवर्क टेकडीवर भेटते. हजेरी भराले मी टेकडीवर जातो, तवा वर्गात मीच नसतो. हे कोनं ठरवलं? अन् ठरवाच्या आधी आमाले काहून नाही विचारलं?"

मी त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवलं. पोचपावती आली. पडद्यावर इतर शहरांचे प्रश्न वाचले गेले, त्यांना उत्तरं मिळाली. आमचा प्रश्न आला नाही. वेळ संपली म्हणून पडदा बंद झाला. शिक्षक मंडळी जीपकडे गेली. मंचाचा वर्षाचा अहवाल आला, त्यात आलेल्या प्रश्नांची यादी होती. आमच्या केंद्रापुढे लिहिलं होतं: प्रश्न आला नाही.

आमच्या प्रश्नाचं काय झालं, असं विचारणारं पत्र बाईंनी त्या मंचाला मराठीत लिहिलं, मी भाषांतर केलं. उत्तर आलं, की आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभारी आहोत. बाईंनी दुसरं लिहिलं. पुन्हा आभार. त्या प्रत्येक उत्तराच्या कोपऱ्यात त्या शेरा मारत: 'उत्तर नाही. आभार आहेत.' आणि पत्र फाइलला लावत.

पण नाराज होणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. देशोदेशीचे लोक तेच विचारत होते, की दरवर्षी जमता, बोलता, पण त्याचं पुढे काय होतं याचा जाब कोण देणार? शेवटी मंचाने स्वतःचीच स्वतंत्र तपासणी करून घ्यायचं ठरवलं. बाहेरच्या पाच माणसांची समिती नेमायची होती. जाहिरातीत लिहिलं होतं, इंटरनेटच्या व्यवसायाशी संबंध नसावा आणि तपासणीच्या कामाचा अनुभव असावा. मी ती बाईंना हसत हसत वाचून दाखवली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फारम काढ."

त्या अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. इंटरनेट व्यवसायाशी संबंध? 'नाही. घरात टीव्हीही नाही.' भाषा? 'वऱ्हाडी, मराठी, हिंदी. कोरकू कामापुरती. इंग्रजी वाचता येते, बोलायची गरज पडली नाही.' आपणच का? 'जिथे सगळे ठीक आहे असे सगळे सांगतात, अशा जागा मी तीस वर्षे तपासल्या.'

पडद्यावरून मुलाखत झाली. समितीचे अध्यक्ष दूरच्या एका बेटावरचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी विचारलं, तुम्ही तपासणी कुठून सुरू कराल? बाई म्हणाल्या, "शेवटच्या बाकावरून." मी भाषांतर केलं. न्यायाधीश म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही.

निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी मी शिरा केला होता. चारला बाई आल्या त्या खाकी पिशवी घेऊन. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या, फिरकी उघडली आणि आपल्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. मी शिरा पुढे केला. म्हणाल्या, "नको. आता तू तपासनीत हाये."

मी केंद्रप्रमुख होते, मंचाकडून पिशवी आणि प्रमाणपत्र घेतलं होतं. म्हणजे तपासली जाणारी शाळा मीही होते. त्यांनी भाषांतरासाठीही माझी मदत घ्यायचं बंद केलं, समितीकडून दुसरा दुभाष्या मागून घेतला. मला राग आला. रोज वीस वर्षं ज्या घरात बशीने चहा प्यायला, त्या घरचं पाणी आता चालत नाही! बाई यायच्या मात्र रोज, ठीक चारला. पावसाळा झाला, हिवाळा झाला. आपलं पाणी पिऊन, हवामानापासून तुरीच्या शेंगांपर्यंत सगळं बोलून जायच्या, फक्त तपासणी सोडून. शेजारच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमचं काही बिनसलं का?

पुढचं मला नंतर, अध्यक्षांच्या पत्रातून कळलं. मंचाच्या कार्यालयाने पाचही जणांना विमानाची तिकिटं आणि हॉटेल देऊ केलं होतं. बाईंनी कळवलं, ज्याची तपासणी त्याच्याच घरी उतरायचं नसतं. बाकीच्या चौघांनाही मग ते बरं दिसेना. कार्यालयाने रंगीत आलेखांच्या सुबक पुस्तिका पाठवल्या. बाईंनी कळवलं, ही निवडलेली ज्वारी आहे, मला कोठी दाखवा. दूरस्थ केंद्रांकडून आलेला प्रत्येक संदेश, आला तसाच, हवा. कार्यालयाने लिहिलं, अशी पद्धत नाही. बाईंनी एका ओळीत लिहिलं, 'म्हणूनच पाहिजे.'

होळीच्या आसपासची गोष्ट. बाई आल्या, बसल्या, पाणी न पिताच पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. इंग्रजीतल्या दोन ओळी. खाली आमच्या केंद्राचं नाव.

"हे तू लिवलं?"

मी वाचलं. मराठीत सांगायचं तर असं होतं: मेळघाटातील शिक्षकांना या मंचाच्या कार्याविषयी अत्यंत आदर आहे. दुर्गम भागातील शाळांच्या अडचणींचा पुढील काळात अधिक विचार व्हावा, अशी आम्ही नम्र आशा व्यक्त करतो.

"हो," मी म्हटलं.

"हे कोठं सापडलं सांगू? 'शुभेच्छा अन् कौतुक' असं नाव हाये त्या गठ्ठ्याचं."

मी सांगायला लागले, की इंग्रजीत असंच लिहितात, मोठ्या मंचावर थेट विचारलं तर उद्धटपणा वाटतो.

"कोनाले?" बाईंनी विचारलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्या सावकाश बोलल्या. "ती पोरगी जीपचे धक्के खात एक प्रश्न घेऊन आली. तू त्याचे केस विंचरले, पावडर लावली, अन् पाहुन्यापुढं नमस्कार कराले उभं केलं. नमस्काराले नमस्कारच भेटते, वकिलाची लेक. उत्तर नाही भेटत."

त्या उठल्या. "मी समितीले सांगितलं, हे माझ्या मैत्रिणीचं प्रकरन हाये, याच्यावर मी लिहिनार नाही. दुसरा सभासद तुले फोन करीन. काय सांगायचं ते तू पाह्य."

वहीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या कपाटात काय काय असतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

आता नीट समजून घ्या. मंचाचं म्हणणं होतं, की प्रश्न आलाच नाही, यादी बरोबर आहे. माझ्या इंग्रजी कागदावरून त्यांचंच खरं ठरत होतं. कासदेकर मॅडमनी खरोखर काय विचारलं होतं, याचा जगातला एकमेव पुरावा म्हणजे माझी वही. ती दाखवली तर चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या शिक्षिकेने एका प्रश्नाचा गळा कसा आवळला ते सगळ्यांना दिसणार. माझ्या विद्यार्थिनी कुठे कुठे आहेत, तुम्हाला माहीत आहे. नाही दाखवली तर माझं इंग्रजी उत्तम राहणार आणि तो प्रश्न कधी विचारलाच गेला नव्हता असं कायमचं ठरणार.

दुसऱ्या दिवशी मी वही काढली, परत ठेवली, कपाट आवरलं. पुन्हा काढली. तुमचे आजोबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "कपाट तिसऱ्यांदा आवरतेस. चौथ्यांदा आवरायला त्यात काही उरलेलं नाही."

समितीच्या दुसऱ्या एका सदस्येचा फोन आला तेव्हा मी वही पडद्यासमोर धरली. तारीख दाखवली, नाव दाखवलं, मराठी वाचलं, आणि मग त्याचं नवं इंग्रजी करून सांगितलं, जसं विचारलं होतं तसं, 'काहून' म्हणजे 'का' हेसुद्धा न गाळता. त्यांनी विचारलं, मंचाने कधी मूळ शब्द मागितले होते का? नाही. पाठवलेल्या संदेशाचं काय झालं हे कधी कळवलं होतं का? नाही. मग त्यांनी विचारलं, तुम्ही तरी त्या शिक्षिकेला कळवलं होतं का? मी म्हटलं, नाही.

अहवालाचा मसुदा झाला तेव्हा कार्यालय खूश झालं. म्हणालं, बघा, चूक केंद्राची निघाली, आमची नव्हे, मग हे प्रकरण गाळाच. अध्यक्षही सौजन्याने म्हणाले, की एका वृद्ध स्वयंसेविकेची चूक जगापुढे मांडायची गरज नाही. बाईंनी त्या भागावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण इथे एक वाक्य त्या बोलल्या, की चूक काढली तर तिच्यासोबत प्रश्नही जाईल. तळटीप राहिली. वर, मोठ्या अक्षरांत, शिफारशी आल्या. प्रश्न ज्या भाषेत विचारला, त्या भाषेतले मूळ शब्द भाषांतराच्या शेजारी जपून ठेवावेत. आणि प्रत्येक वार्षिक सभेची सुरुवात मागच्या शिफारशींचं काय झालं, हे सांगून व्हावी. अध्यक्षांनी मला लिहिलं, की दुसरी शिफारस आम्ही पाच जणांनी मिळून लिहिली असं छापलं आहे, पण ती कोणाची आहे हे तुम्हाला माहीत असेलच.

अहवाल प्रसिद्ध झाला त्या दिवशी मी चहाचं आधण ठेवूनच बाईंची वाट बघत होते. तपासणी संपली होती. बाई आल्या आणि त्यांनी पिशवीतून तांब्या काढला.

मी म्हटलं, "आता काय?"

"मागच्या शेऱ्याचं काय झालं?"

"कोणत्या?"

"तळटिपेच्या. त्या पोरीले सांगितलं?"

मी परतवाड्याची एसटी धरली, तिथून धारणीची. घाटात दोनदा उलटी होता होता राहिली. आश्रमशाळेत पोचले तर वर्गात मुलंच. मॅडम कुठे, विचारलं तर सगळ्यांनी एकाच वेळी टेकडीकडे बोट दाखवलं. माझ्या गुडघ्याने ती टेकडी चढायला अर्धा तास घेतला. कासदेकर मॅडम एका मोहाच्या झाडाखाली फोन उंच धरून उभ्या होत्या. दमले होते, तशीच बसले आणि सगळं सांगितलं. तुमचा प्रश्न मी बदलला, म्हणून वाचला गेला नाही, हे सांगितलं.

त्यांनी फोन खाली घेतला. "म्हंजे प्रश्न बरोबर होता?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं, माझा प्रश्नच लहान होता. म्हनून मंग मी मीटिंगमध्ये विचारनंच सोडलं."

मुलांनो, अहवालाच्या कोणत्याही पानावर हे वाक्य नाही. माझी खरी चूक किती मोठी होती, ते मला तिथे कळलं.

मी नवं इंग्रजी त्यांना ओळीओळीने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक भर घालायला सांगितली: मी टेकडीवर असतो तेवढा वेळ वर्गात पोरं एकटी असतात. मी तिथेच वहीत लिहिलं. त्यांनी खाली सही केली.

परत आल्यावर, शेऱ्यावर काय केलं ते सांगणारा अनुपालन अहवाल शाळांकडून मागत, तसा एक पानभर अहवाल मी बाईंसाठी लिहिला. बाईंनी तो दोनदा वाचला. घडी घालून पिशवीत ठेवला. आणि मग तांब्या खाली ठेवून हात पुढे केला. "पानी आन."

मी माठातलं आणून दिलं. त्यांनी भांडं तोंडाला लावलं ते रिकामं करूनच खाली ठेवलं. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. म्हणाल्याच. "पानी बरं हाये. माठ जुना झाला, झिरपत नाही. उन्हाळ्यात थंड होनार नाही. बदल."

त्या वर्षीची सभा आम्ही धारणीतच पाहिली. भाषणं नंतर झाली. पहिल्यांदा पडद्यावर एक यादी आली: मागच्या शिफारशींचे काय झाले. त्यात खाली एका ओळीत, साऱ्या जगापुढे, देवनागरीत, कासदेकर मॅडमचा प्रश्न होता. त्यांच्याच शब्दांत, 'काहून' सकट, आणि शेजारी त्याचं इंग्रजी. पुढच्या रकान्यात शेरा होता: प्रलंबित. सगळ्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मला जरा वाईट वाटलं, की एवढं करून शेवटी प्रलंबितच. बाई मागच्या रांगेतून म्हणाल्या, "प्रलंबित म्हंजे मेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारतीन."

आणि विचारतात. दरवर्षी. कासदेकर मॅडम आता त्या केंद्राच्या प्रमुख आहेत. नेटवर्क अजून टेकडीवरच आहे, पण हजेरी आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी, धारणीला येऊन भरायची परवानगी त्यांनी मिळवली. मुलं वर्गात एकटी नसतात.

बाई गेल्या त्याला दोन उन्हाळे झाले. त्या मंचावर जगभरचे मोठमोठे लोक सभा सुरू करताना जो प्रश्न विचारतात, तो एका खाकी पिशवीवाल्या बाईने पातूर-अकोल्याच्या शाळांमधून तिथवर नेला, आणि तो नेताना वाटेत मी आडवी आले तर मलाही सोडलं नाही, याचा मला फार अभिमान आहे. प्रमाणपत्राची चौकट मी रिकामी करून त्यात तळटिपेचं पान बसवणार होते. तुमची आई नको म्हणाली. प्रमाणपत्र तेवढं काढून टाकलं.

माठ बदलला. होळी झाली की दरवर्षी बदलते. मे महिन्यात तुम्ही याल तेव्हा त्यातलं पाणी देईन. प्या आणि कसं आहे ते सांगा. नुसतं 'छान आहे, आजी' म्हणू नका.